उंच बूट आणि बारीक पोटरी

जोडा घेतांना माणूस पावलाचें माप देतो. पोटरीचें माप त्याला कोणी विचारीत नाहीं. वहाण, चप्पल, पंपशू यांच्या बाबतींत तें योग्यच आहे, कारण त्यांचा पोटरीशीं संबंध येत नाहीं. परंतु गुडघ्याखालपर्यंत चढणारा बूट घेतला कीं प्रश्न पालटतो. अशा तयार बुटाचा क्रमांक पावलाच्या लांबीवरून ठरतो आणि नळीचा घेर एका ठराविक प्रमाणानें त्याच्या मागोमाग येतो. आठ क्रमांकाच्या पावलावर केवढी पोटरी उभी आहे, हें कारखान्याला ठाऊक नसतें. ज्याची पोटरी भरदार, त्याला नळी आवळते. ज्याची बारीक, त्याच्या पायाभोंवती ती नुसती डुगडुगत राहते.

थंड देशांत ही उणीव बहुधा दिसण्यापुरती असते. मुंबईंत तिला निराळें महत्त्व आहे, कारण येथें उंच बूट चढविला जातो तो मुख्यतः पाण्यांत उतरण्यासाठीं. परळ, माहीम, वरळी, माझगांव हीं एके काळीं निरनिराळीं बेटें होतीं. त्यांच्यामधील सखल, खाजणाची जमीन भरून आजचें शहर उभें राहिलें. भरतीच्या वेळीं समुद्राची पातळी पर्जन्यवाहिन्यांच्या मुखांहून वर चढते. त्याच सुमारास पावसाची मोठी सर आली म्हणजे पाण्याला वाट उरत नाहीं, आणि दादरचा हिंदमाता, परळ, लालबाग या बाजूंच्या सखल रस्त्यांवर तें तुंबतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हिंदमात्याचें पाणी सांठविण्यासाठीं अलीकडे भूमिगत टाक्या बांधण्यांत आल्या. तरीही मुंबईकराचा पाय सांचलेल्या पाण्यांत पडणें अगदींच चुकलेलें नाहीं. गटारें उपसणें आणि रस्ते झाडणें हाच ज्यांचा उद्योग, त्यांना तर तें टाळतांही येत नाहीं.

त्या पाण्यांतील खरें भय ओलाव्याचें नव्हे. उंदीर, कुत्रीं, गुरें यांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरा नांवाचे सूक्ष्म जंतु पाण्यांत उतरतात आणि मनुष्याच्या कातडीवरील लहानशा ओरखड्यांतूनही शरीरांत शिरतात. प्रथम ताप येतो, पोटऱ्या व अंग दुखतें, डोळे लाल होतात. दुर्लक्ष झाल्यास यकृत आणि मूत्रपिंडें यांवर आघात होऊन प्राणावर बेततें. २००५ च्या पुरानंतर मुंबईंत या रोगाची मोठी सांथ उद्भवली होती. आतां सैल नळीचा बूट काय करतो तें पाहावें. पाणी बुटाच्या उंचीहून कमी असलें तरी पावलागणिक उसळून तें तोंडाच्या फटींतून आंत जातें, आणि एकदां आंत गेलेल्या पाण्याला बाहेर पडावयास मार्ग नसतो. शिवाय नळीची कड घांसून घांसून पोटरीची कातडी सोलवटते. ज्या पाण्यापासून पाय राखावयाचा तें पाणी, आणि त्या पाण्याला हवी असलेली जखम, या दोहोंची गांठ बूटच घालून देतो. असला बूट टाकून एखादा कामगार अनवाणी पाण्यांत उतरला, तर केवळ निष्काळजीपणाचा ठपका त्याच्यावर ठेवणें न्यायाचें होणार नाहीं.

मग नळीच बारीक कां करीत नाहींत? याचें उत्तर पोटरींत नसून टाचेंत आहे. बूट चढवितांना टाच आणि पावलाचा उंचवटा हीं दोन्ही नळींतून एकदम जावीं लागतात. टाचेखालून उंचवट्यावर फीत फिरवून मोजलें, तर तो घेर बारीक पोटरीच्या घेराएवढा, क्वचित् त्याहूनही अधिक भरतो. म्हणून बारीक पोटरीला बेताची बसेल अशी सलग नळी केली, तर तींत पाऊलच शिरणार नाहीं. नळी पाय घालतांना मोकळी आणि घातल्यावर घट्ट, अशी उघडमिट होणारी असली पाहिजे.

हिंदी सैनिकांच्या पायांवरील कापडी पट्टीनें ही अडचण फार पूर्वींच दूर केली होती. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत वेढे देत गुंडाळलेली ही लांब पट्टी कोणत्याही पोटरीला बेतशीर बसे. ब्रिटिश सैन्यानें ती उचलली आणि तिच्याबरोबर शब्दही उचलला. इंग्रजींतील ‘पटी’ ती हीच. परंतु १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत, चिखलानें भरलेल्या खंदकांत, तिचा दोषही दिसून आला. ओली पट्टी फार आवळून बांधली म्हणजे रक्ताभिसरण मंदावे, आणि भिजलेलीं पावलें सडण्यास त्याची भर पडे. नळी पायाला लागून असावी, पण आवळूं नये, हा धडा उंच बुटालाही लागू आहे.

माप घ्यावयाचें तें संध्याकाळीं, कारण दिवसभर उभें राहून पाय किंचित् सुजलेले असतात. खुर्चीवर बसून, पाऊल जमिनीवर सपाट टेकवून, मोज्यांसकट पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर मोजावा. नळी आणि पोटरी यांमध्यें एक बोट सहज शिरलें, तर नळी बरोबर आहे. फट थोडी अधिक असेल, तर गुडघ्यापर्यंतचे जाड पायमोजे पुरतात. टाच आंत उचलली जात असेल, तर तळाशीं एक जास्तीचा मऊ तळवा घालावा.

कातड्याच्या बुटाची फट मोठी असेल, तर तें काम जाणत्या मोच्याचें आहे. तो मागची शिवण उसवून नळी आंत घेतो. मात्र कातडें कापण्यापूर्वीं कच्चे टांके घालून बूट पायांत चढवून पाहावा, कारण कापलेलें कातडें परत जोडून पूर्ववत् होत नाहीं. घोट्याजवळ नळी आवळावयाची असेल, तर बाजूला चेन किंवा इलॅस्टिकचा तुकडा बसविल्यावांचून टाच आंत जाणार नाहीं.

रबरी गमबुटाला हा उपाय चालत नाहीं. चार्ल्स गुडइयर यानें गंधकाच्या योगानें रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट १८४४ मध्यें घेतलें, आणि १८५३ मध्यें हायरम हचिन्सन यानें त्याच रबराचे बूट फ्रान्समध्यें करावयास प्रारंभ केला. रबरी बुटाचा सगळा गुण त्याच्या अखंडपणांत आहे. सुई टोचली कीं तेथून पाणी झिरपलें. म्हणून त्याला बाहेरूनच बांधावें. नळीचा जास्तीचा भाग पोटरीच्या मागें एका घडींत दुमडावा आणि वरच्या कडेखालीं बक्कलाचा रुंद पट्टा, अथवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधावी. ती गुडघ्याच्या खांचेंत रुतूं नये आणि एका हातानें तत्काळ सुटावी, कारण बूट पाण्यानें भरलाच तर तो चटकन् काढतां आला पाहिजे.

इतकें करूनही बुटाच्या भरंवशावर खोल पाण्यांत शिरूं नये. उघड्या गटारापुढें कोणताही बूट निरुपयोगी आहे. घरीं येतांच पाय साबणानें धुऊन कोरडे करावे, बूट उलटे टांगावे. अंगावर जखम असतांना पाण्यांत चालणें झालें असेल, तर ताप येण्याची वाट न पाहतां वैद्यकीय सल्ला घ्यावा.

कामगारांसाठीं बूट एकगठ्ठा घेतले जातात, तेव्हां यादींत पावलाच्या क्रमांकाचा एक रकाना असतो. त्याच्या शेजारीं पोटरीच्या घेराचा दुसरा रकाना ओढावयास खर्च येत नाहीं, आणि बक्कलाच्या पट्ट्याला येतो तो फार थोडा. जूनची पहिली सर येण्यापूर्वीं एवढें झालें, तर पुष्कळ पाय कोरडे राहतील.