चिकित्सा म्हणजे हिशेब मागणे

(उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर. – संपादक)



‘शिक्षण आणि चिकित्सक बुद्धी’ हा विषय आपण मला दिला आहे. या विषयाला उघड विरोध करणारा माणूस सापडणे कठीण. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक वृत्ती यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच ठरविले. ज्या गोष्टीस कोणाचाच विरोध नाही ती आचरणात का उतरत नाही, एवढाच प्रश्न मी आज घेणार आहे.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता दिल्लीकडून आली आणि काही तासांत मुंबईतही देवळांपुढे रांगा लागल्या. चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि पातळ ओघळाने मूर्तीवरून खाली उतरते, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखविले. रांगेतल्या कित्येकांनी शाळेत पृष्ठताणाची व्याख्या लिहून गुण मिळविलेले असणार. पण ते ज्ञान उत्तरपत्रिकेसोबत जमा झाले, जगण्यात आले नाही. अकरा वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची आवई उठली. पावसाळ्यात नदीनाल्यांचे पाणी खाडीत उतरते, त्यात शहराची घाणही असते. तरी बाटल्या भरभरून पाणी घरी नेले गेले. महापालिकेने ‘पिऊ नका’ असे सांगितले, परंतु ते पुष्कळांना ऐकू गेले नाही.

अशा वेळी लोकांना अडाणी म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. चलनवाढीची चार कारणे पाठ असलेला विद्यार्थी घरातल्या तेलाच्या डब्याची किंमत का वाढली याचा विचार त्या कारणांच्या आधारे करीत नाही, कारण तसे करावयास त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ‘सर, हे परीक्षेला आहे का?’ हाच वर्गात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत गल्लोगल्ली उभे असलेले क्लासेस याच एका प्रश्नावर चालतात. त्यात त्या मुलाचा दोष नाही. जागा थोड्या आणि उमेदवार अपार असले की शंका काढण्यात घालविलेला तास हा तोट्याचा तास ठरतो. पाठांतरामागे बेकारीची भीती आहे. ती तशीच ठेवून अभ्यासक्रमात ‘चिकित्सक विचार’ नावाचा आणखी एक धडा घातला, तर त्याचेही अपेक्षित प्रश्नसंच निघतील.

मग प्रश्न विचारण्याची सवय लागते कोठे? याचे एक उत्तर याच उपनगरांत मिळते. १९७२ साली दुष्काळ आणि महागाई यांनी घरोघरच्या चुली संकटात आणल्या, तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. गोरेगावच्या मृणालताई गोरे समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी. पक्ष निराळे, प्रश्न एक. लाटणी हाती घेऊन निघालेल्या त्या मोर्चांतील अनेक भगिनींना शाळेचा लाभ बेताचाच झाला होता. पण महागाई हा दैवाचा कोप आहे, ही समजूत त्यांनी स्वीकारली नाही. माल कोठे गेला, कोणी दडविला, रेशनवर का येत नाही, असे त्यांनी विचारले. हे धैर्य एकेकटीच्या स्वयंपाकघरात आले नसते. चाळीतल्या बैठकीत दहाजणी एकत्र बसल्या आणि आपल्या घरची अडचण ही शेजारणीचीही अडचण आहे असे दिसले, की सोसणे मागे पडते आणि हिशेब मागणे सुरू होते. माझ्या लेखी चिकित्सा ती हीच.

एकट्याची शंका किती दुबळी असते हे अलीकडच्या एका घटनेने दाखवून दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये, भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. आयुष्याची पुंजी ठेवलेल्या माणसांना आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे होते, आणि ते झाकण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट खाती दाखविली गेली, असे तपासात पुढे आले. ठेवीदारांत पदवीधर, निवृत्त अधिकारी, व्यापारी सारेच होते. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण ही खाती त्यांना दिसणारी नव्हती. ज्यांना दिसावयास हवी होती ते लेखापरीक्षक होते, संचालक होते, खुद्द रिझर्व्ह बँक होती. शंका घेणे हे ज्यांचे काम, त्यांनी ते केले नाही की सामान्य माणसाचे शहाणपण त्याला वाचवू शकत नाही. म्हणून समाजवाद्यांनी चिकित्सेला व्यक्तीचा सद्गुण एवढेच मानून थांबू नये. लेखापरीक्षण, माहितीचा अधिकार, सभागृहातील चर्चा ही समाजाने बांधलेली चिकित्सेचीच रूपे आहेत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. हजारो कोटींचे अर्थसंकल्प मांडले गेले आणि त्यांना सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवकच नव्हता. दूध पिणाऱ्या मूर्तीपेक्षा हा प्रकार मला कमी चिंतेचा वाटत नाही.

प्रश्न विचारण्याची किंमतही असते. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील चर्चमध्ये येशूच्या मूर्तीतून पाणी झरू लागले. सनल एडामारुकू यांनी पाहणी करून सांगितले की, तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत आहे. तेथला नळ-निचरा पाहून हे पडताळता आले असते. त्याऐवजी भावना दुखावल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी देश सोडला. पुढच्या वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो त्याच डिसेंबरात विधिमंडळात संमत झाला. त्यांच्या कार्याची पद्धत ध्यानात घ्या. जयंत नारळीकरांसह त्यांनी फलज्योतिषाची परीक्षा घेतली, तेव्हा ज्योतिषांची नालस्ती केली नाही. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या दिल्या आणि ओळखा म्हटले. उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवून मिळावे तेवढेही नव्हते.

अखेरीस आपल्याविषयी. कोणी विधान केले की आपण कार्यकर्ते तत्काळ विचारतो, यात हितसंबंध कोणाचे? प्रश्न योग्य आहे, पण तो पहिला असू नये. हितसंबंध दाखविला म्हणजे विधान खोटे ठरत नाही. भांडवलदाराच्या वृत्तपत्रातील आकडाही खरा असू शकतो. आधी विचारावे, हे कशावरून? मग विचारावे, काय दिसले तर मी हे मत सोडीन? आणि त्यानंतर हितसंबंधाकडे वळावे. सोयीचा म्हणून न तपासता पुढे धाडलेला मोबाईलवरचा संदेश आपल्या बाजूचा असला तरी अंधश्रद्धाच होय. नेत्याच्या भाषणानंतर प्रश्नांना वेळ न ठेवणाऱ्या सभेला, मग ती आपली असो, लोकशाही सभा म्हणता येणार नाही.

प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा तीन कागद एकत्र बसून वाचावेत: आपल्या गृहनिर्माण संस्थेचा ताळेबंद, आपल्या वॉर्डाचा अर्थसंकल्प आणि आपल्या पक्षशाखेचा जमाखर्च. बैठकीला शाळकरी मुलांनाही बसू द्यावे. आईवडील हिशेब मागतात आणि त्यांना कोणी गप्प बसवीत नाही, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला चिकित्सेचा निराळा धडा द्यावा लागणार नाही. या तिसऱ्या कागदापासूनच आरंभ करू या.