पुडीच्या पाठीवरची बारीक अक्षरे

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्तच्या व्याख्यानाची संहिता)



परीक्षांचे दिवस आले की गिरगावातील चाळींमध्ये उत्तररात्रीपर्यंत दिवे जळत असतात. पूर्वी अशा जागरणाला सोबत असे ती चहाच्या थर्मासची. आता एखाद्या विद्यार्थ्याच्या दप्तरात चपटी, गोल डबी निघू शकते. तिच्यात बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या पुड्या असतात. एक पुडी ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायची आणि काही वेळाने काढून टाकायची. चावायचे नाही, गिळायचे नाही. हिच्यातून मिळते ते कॅफीन, म्हणजे चहा-कॉफीतील तरतरी आणणारे द्रव्य. डबी आईच्या हाती लागली तर जैन घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे व्हेज आहे ना?" हिरवा ठिपका दिसला की चौकशी संपते. ती तेथेच संपू नये, म्हणून हा विषय.

या पुड्यांचा जन्म वाईट हेतूने झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंमध्ये तंबाखू तोंडात धरण्याची सवय फार. तिला पर्याय म्हणून तेथे कॉफीच्या पुड्या निघाल्या. तंबाखूपेक्षा कॉफी बरी, यात शंका नाही. परंतु ज्याने तंबाखूला कधी हातही लावला नाही, त्या मुलाच्या ओठाखाली पुडी धरण्याची सवय लागणे ही वेगळीच गोष्ट आहे.

पुडीत असते तरी काय? कायद्याप्रमाणे घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. अशा पुडीत बहुधा प्रथम येतो सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींचा तंतू (क्रमांक ४६०). तो केवळ भरणा. ओलावा टिकवण्यासाठी ग्लिसरीन (४२२) किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉल (१५२०), गोडीसाठी सुक्रालोज (९५५), एसेसल्फेम पोटॅशियम (९५०) किंवा झायलिटॉल (९६७). त्यानंतर सुगंधी द्रव्ये, मीठ, कधी ब जीवनसत्त्वे आणि टॉरिन. कॅफीन चहा-कॉफीतून काढता येते, तसेच कारखान्यात रसायनांपासूनही बनवता येते. रेणू एकच. 'नैसर्गिक' हा शब्द छापल्याने त्याचा परिणाम सौम्य होत नाही.

टॉरिनविषयी पुष्कळांच्या मनात किंतु असतो. हे द्रव्य १८२७ मध्ये बैलाच्या पित्तातून प्रथम वेगळे केले गेले आणि बैलाच्या लॅटिन नावावरूनच त्याचे नाव पडले. आज बाजारात येणारे टॉरिन मात्र रासायनिक प्रक्रियेने तयार होते. उलट, ज्या ग्लिसरीनकडे कोणी वळूनही पाहत नाही, ते वनस्पती तेलातून येते किंवा प्राण्यांच्या चरबीतूनही येऊ शकते. ४२२ हा क्रमांक दोहोंना सारखाच. संशय नेमका चुकीच्या नावावर जातो तो असा.

याच प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महत्त्वाचा आदेश दिला. डायसोडियम आयनोसिनेट (६३१) हे चव वाढवणारे द्रव्य मांस वा मासळीपासूनही बनते, पण पाकिटावर केवळ नाव किंवा क्रमांक छापला जातो, हे प्रकरणात पुढे आले. घटक वनस्पतिजन्य आहे, प्राणिजन्य आहे की प्रयोगशाळेतील, हे उत्पादकाने उघड केले पाहिजे, प्रमाण कितीही अल्प असो, असे न्यायालयाने बजावले.

तरीही श्रावकाने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हिरवा ठिपका शासनाच्या व्याख्येप्रमाणे दिला जातो, श्रावकाचाराप्रमाणे नव्हे. २०२० च्या लेबल नियमांतील मांसाहाराच्या व्याख्येतून दूध आणि दुधाचे पदार्थ तर वगळले आहेतच, शिवाय मध, मेण आणि लाखेपासूनचे शेलॅकही वगळले आहे. म्हणजे मध घातलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका असणे पूर्णतः कायदेशीर आहे. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग ज्यांच्या अष्टमूलगुणांत येतो, त्यांना तो ठिपका पुरेसा कसा होईल? कंदमुळांबाबत तर तो मौनच पाळतो.

आरोग्याविषयीही त्याचे तेच मौन. पान मसाल्याच्या पुडीवरदेखील हिरवा ठिपका असतोच. सुपारी वनस्पतीच आहे ना! महाराष्ट्राने या पुड्यांशी दीर्घ झगडा केला आहे. २००२ मध्ये राज्याने गुटखा व पान मसाल्यावर पाच वर्षांची बंदी घातली. असा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्याला नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती रद्द केली. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, अन्नपदार्थात तंबाखू व निकोटिन घालण्यास मनाई करणारा नियम २०११ मध्ये आला आणि जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी घातली. तपासलेल्या नमुन्यांत मॅग्नेशियम कार्बोनेट आढळले, हे त्या बंदीमागील एक कारण होते. गिरगावापासून परळचे टाटा रुग्णालय दूर नाही. पुडीची किंमत तेथे कळते.

कॅफीनची पुडी म्हणजे गुटखा नव्हे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. मात्र निकोटिनच्या पुड्याही दिसायला हुबेहूब अशाच असतात, तशाच डबीत, तशाच पुदिन्याच्या वासाच्या. त्यांत सोडियम कार्बोनेट (५००) घालतात, ते तंबाखूला चुना लावतात त्याच कारणासाठी. क्षारामुळे निकोटिन तोंडाच्या त्वचेतून लवकर शोषले जाते. तेव्हा डबी हाती आली की घटकांच्या यादीत 'निकोटिन' हा शब्द सर्वप्रथम शोधावा.

आता मात्रा. चहाच्या एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. परदेशी पुड्यांत ते पुष्कळदा ५० ते १०० मिलिग्रॅम असते, काहींत त्याहूनही अधिक. आपल्याकडे कॅफीनयुक्त पेयांना लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे आणि दिवसाला ५०० मिलिलिटरहून अधिक पिऊ नये, अशी सूचना छापावी लागते. म्हणजे फार तर १५० मिलिग्रॅम. मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी ते योग्य नाही, हेही छापावे लागते. शंभराच्या दोन पुड्यांनी हा आकडा ओलांडला जातो, आणि चहाचा कप भरलेला दिसतो तसे येथे काहीच दिसत नाही. शिवाय रात्री नऊला घेतलेल्या मात्रेचा सुमारे निम्मा भाग पहाटे दोनलाही रक्तात असतो. अभ्यास झाला तरी झोप जाते, आणि झोपेवाचून पाठांतर टिकत नाही.

काही तरुण विचारतात, गिळायचे नसेल तर उपवासात पुडी का चालू नये? शास्त्राने आहाराचे खाद्य, स्वाद्य, लेह्य आणि पेय असे चार भेद सांगितले आहेत. लवंग, सुपारी, मुखवास यांची गणना स्वाद्यात होते. या पुडीची जागा तेथेच. शिवाय लाळेबरोबर तिच्यातले द्रव्य पोटात जातेच.

या प्रश्नामागे बहुधा डोकेदुखी असते. दशलक्षण पर्वात पहिल्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशी डोके ठणकते, त्याचा दोष पुष्कळदा उपवासाच्या माथी मारला जातो. चहा अचानक तुटल्यावर १२ ते २४ तासांत अशी डोकेदुखी सुरू होते आणि काही दिवसांत आपोआप शमते. पर्वाच्या आठ-दहा दिवस आधीपासून रोजचा चहा थोडाथोडा कमी करत नेला तर हा त्रास बराच टळतो. ज्यांना रक्तदाबाची वा हृदयाची औषधे चालू आहेत, त्यांनी मात्र उपवासाआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.