पंचेचाळिशीतला राजीनामा

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखाने एकामागून एक बंद पडत होते, त्या काळात कामगार घरी गेला तो बहुधा गेट मीटिंगनंतर, युनियनने केलेल्या कराराची प्रत खिशात घालून. करार चांगला असे असे नव्हे. कित्येकदा तो अपमानास्पदच असे. पण आपल्याला कोणी काढले आणि किती रकमेवर काढले, हे त्याला ठाऊक असे. आज ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींत त्याच्या मुलाच्या पिढीतील संगणक अभियंत्याला पंचेचाळिशीत एका बंद खोलीत बोलावले जाते आणि थोड्याच वेळात तो स्वहस्ते राजीनामा देऊन बाहेर पडतो. कागदोपत्री त्याला कोणी काढलेलेच नसते.

सारी मेख या राजीनाम्यात आहे. कपात करताना सर्वांत शेवटी आलेल्याला सामान्यतः आधी काढावे, हे तत्त्व 1953 च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात आले आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते टिकले आहे. सेवाज्येष्ठता हे कामगाराचे कवच मानले गेले. संगणक उद्योगात तीच ज्येष्ठता अपराध ठरते. आठ-दहा वर्षांत अभियंत्याला ‘मॅनेजर’ हे पदनाम मिळते, घरी पेढे वाटले जातात, आणि त्याच दिवशी मालकाच्या हाती एक सबब येते. कारण व्यवस्थापकीय काम करणारा किंवा दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक संहितेच्या व्याख्येत ‘कामगार’ नाही. प्रत्यक्ष काम तांत्रिकच आहे, असे सिद्ध करता येते. पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. आणि राजीनामा दिला की कपातीचा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाईही बुडते.

यामागचे अर्थशास्त्र सोपे आहे. कंपनी परदेशी ग्राहकाला माणसांचे तास विकते. नव्या पदवीधराचा वार्षिक पगार गेली दहाहून अधिक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. वीस वर्षांच्या अनुभवी माणसावर त्याच्या कित्येक पट खर्च होतो. ग्राहकाने दर पाडला की पहिली नजर त्याच्यावर जाते. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12,000 हून अधिक, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ही कपात मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणींत होईल असे कंपनीनेच सांगितले. आधीच्या आर्थिक वर्षात तिचा निव्वळ नफा 48,000 कोटी रुपयांच्या पुढे होता.

‘जुन्यांना नवे तंत्र जमत नाही’ हे कारण आता आपल्या घरांतही खरे मानले जाऊ लागले आहे. ज्यांनी 1999 साली वर्षाचे दोन आकडे चार करण्यासाठी रात्री जागवल्या, त्यांनीच पुढे मेनफ्रेम सोडून जावा आत्मसात केली आणि मग क्लाउडही. तीनदा नवे शिकलेला माणूस चौथ्यांदा शिकणार नाही, हे कोणी ठरवले? खरा प्रश्न त्याच्या शिक्षणाच्या काळातील पगार कोणी द्यायचा, एवढाच आहे.

अमेरिकेने 1967 मध्येच कायदा करून चाळिशीपुढील नोकरदारांना वयाच्या भेदभावापासून संरक्षण दिले. भारतीय संविधानाच्या 15 व 16 या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांचा उल्लेख आहे, वयाचा नाही. खासगी नोकरीत वयावरून माणूस नाकारण्यास मज्जाव करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही.

भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेले पूर्ण निवृत्तिवेतन 58 व्या वर्षी सुरू होते. म्हणजे मधली तेरा वर्षे, खारघरच्या घराचे हप्ते आणि मुलांचे महाविद्यालयीन शुल्क यांचा मेळ त्या कुटुंबाने कसा घालायचा? पन्नाशीचा माणूस सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघतो आणि दिवस वाचनालयात काढतो, असे घडले तर नवल नाही. संपाच्या काळात गिरणी कामगाराला निदान शेजाऱ्यापासून लपावे लागले नव्हते.

या माणसांना ‘पगारदार बाबू’ म्हणून दूर ठेवण्याची चूक आपल्या चळवळीने पुष्कळ वर्षे केली. आता पक्षाच्या वतीने ऐरोली, रबाळे व घणसोली स्थानकांवर सायंकाळी एक पत्रक वाटले जावे. त्यात मोठे तत्त्वज्ञान नको. बंद खोलीत त्याच वेळी कशावरही सही करू नका, काढत असल्यास कारण लेखी मागा, आपले वय, नेमणुकीचे वर्ष आणि प्रत्यक्ष कामाचे स्वरूप लिहून ठेवा, आणि ते घेऊन आमच्या कार्यालयात या, एवढेच असावे. अशा शंभर नोंदी जमल्या तर कामगार आयुक्तांपुढे वयांची यादी मांडता येईल.