परसातली पेंड



युनियनच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणार, अशी आपली समजूत असेल. आज आम्ही एका कुत्र्याविषयी आणि एका परसबागेविषयी बोलणार आहोत. चिटणीसांना विषय कळवला तेव्हा तेही क्षणभर गप्प झाले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटवर. तेव्हा शास्त्रीय चर्चेत चूकभूल झाल्यास ती आपण पोटात घालावी.

आपणा सोलापूरकरांना उजनी म्हणजे नळाचे पाणी. आमचे गाव त्या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला, करमाळ्याच्या बाजूच्या काठावर आहे. खरे तर ते गाव नव्हे, गावठाण. मूळचे गाव पाण्याखाली गेले. धरण 1980 साली पुरे झाले. पाणी चढू लागले तेव्हा आम्ही दुसऱ्या इयत्तेत होतो. आजोबांची काळी जमीन बुडाली आणि पुनर्वसनात वाट्याला आला तो मुरूम. त्या मुरमात पहार मारली तर ठिणगी उडते, मग मेथी कुठून उगवणार? चाळीस वर्षे आमच्या घरात भाजी बाजारातून आली, आणि दर गुरुवारी पिशवी रिकामी करताना आमच्या मातोश्री तेच एक वाक्य बोलत, "आपल्या वांग्याला असला वास नव्हता."

2024 च्या उन्हाळ्यात धरण फार खाली गेले. आमच्याकडे लोक म्हणतात, धरण 'वजा' झाले. बाहेरच्या माणसाला हे कोडे वाटते. उजनीत एकूण साधारण 117 टीएमसी पाणी मावते. त्यातले वापरायचे सुमारे 53, आणि त्याखालचे 63 हा मृत साठा. वापरायचे संपले की हिशेब शून्याखाली धरतात. त्या साली पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडले, शहरातून मोटारी भरून माणसे बघायला आली. आम्ही मात्र ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन गाळ आणायला गेलो. तो गाळ कोणाच्या शेतातला हे कोण सांगणार? पण मातोश्रींनी तो मुठीत घेतला, चोळला, आणि "आपलाच हाय" असे ठरवून टाकले. आम्ही वाद घातला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ट्रॉली परसात रिकामी झाली. शनिवारी सुट्टी, मुलगा, सून, नातू, घरातली मंडळी, सगळे फावडी घेऊन उभे. गवार, भेंडी, दोडका, कडेला शेवगा, आणि मध्ये अर्थातच वांगी. खत म्हणून आम्ही तालुक्याच्या बाजारातून एरंडीची पेंड आणली होती. सुटी, वजनावर, जुन्या गोणीत. एका पुस्तकात वाचले होते की तीत चार ते पाच टक्के नत्र असते आणि मुळे कुरतडणाऱ्या किडीही तिने हटतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ती आम्ही वाफ्यांत मिसळली आणि उरलेली गोणी भिंतीशी टेकवून ठेवली.

आमच्या घरी पांड्या नावाचा पांढरा कुत्रा आहे. जात विचाराल तर रस्त्यावरची. नातवाने पिल्लू असताना उचलून आणला तो राहिला. रात्री दहाच्या सुमारास त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. मध्यरात्री जुलाब, पहाटे त्यात रक्त. पाय पोटाशी घेऊन तो पडून राहिला, आणि नातू त्याच्याशेजारी जमिनीवर.

मंडळी, त्या रात्री आम्ही जे केले ते सांगण्यासाठीच हा विषय घेतला आहे. पहिला संशय आम्ही पाण्यावर घेतला. पुण्या-पिंपरीचे सांडपाणी नद्यांतून भीमेत आणि भीमेतून आमच्या दारात येते. उन्हाळ्यात ते हिरवे होते, आणि अशा शेवाळाच्या काही जाती गुराकुत्र्यांना मारक असतात. दुसरा संशय शेजाऱ्यावर. पांड्याने त्यांची कोंबडी मारल्यावरून महिन्यापूर्वी बोलाचाली झाली होती. पहाटे पाण्याच्या टाकीपाशी चार माणसांत आम्ही बोलून गेलो, की विष घालणाऱ्याला आम्ही ओळखतो. तीस वर्षे आम्ही कामगारांना शिकवले की पुराव्यावाचून आरोप करू नका, चौकशी होऊ द्या. स्वतःच्या कुत्र्याच्या वेळी आम्ही चौकशीही केली आणि निकालही दिला.

रविवार, सरकारी दवाखाना बंद. मुलाने फोन करकरून टेंभुर्णीकडचा एक तरुण पशुवैद्य मिळवला. तो मोटारसायकलवर दहा वाजता आला. सलाइन लावता लावता त्याने एकच प्रश्न तीनदा विचारला, "काका, काल घरात नवीन काय आलं?" आम्ही म्हणालो, काही नाही. तेव्हा दारातून मातोश्री बोलल्या, "ती गोणी न्हाई का आली? कसली पेंड ती?"

"एरंडीची," आम्ही म्हणालो.

"आरं देवा! इरंडीची पेंड गुरांम्होरं टाकत न्हाईत. माझा बाप कुलपात ठिवायचा."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"मला कुणी इचारलं?"

वाफ्याकडे जाऊन पाहिले तर दोन खड्डे उकरलेले, आणि गोणीचा कोपरा फाडलेला.

पुढे आम्ही वाचनालयात बसून हे समजून घेतले. एरंडीच्या बीत रायसिन नावाचे विष असते. ते पाण्यात विरघळते, तेलात उतरत नाही. म्हणून एरंडेल आपण लहान मुलालाही देतो आणि विष मागे चोथ्यात राहते. भरपूर उष्णता दिली तर ते निकामी होते, पण सुट्या पेंडीला ती मिळाली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. याच रायसिनने 1978 साली लंडनमध्ये गेओर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाचा खून झाला. त्यावर उतारा नाही. शरीरातले पाणी टिकवायचे आणि वाट पाहायची. कुत्र्याला मात्र पेंडीचा वास म्हणजे जेवणाचे आमंत्रण.

साखर कारखान्यात बॉयलिंग हाउसची भांडी साफ करायला कॉस्टिक सोडा वापरतात. एका ठिकाणी पिंपावर मराठीत काय आहे ते लिहा, एवढ्या मागणीसाठी आम्ही अकरा दिवस गेटवर बसलो होतो. 1984 साली भोपाळ घडले, त्यानंतर 1987 च्या दुरुस्तीने फॅक्टरी कायद्यात धोकादायक मालाची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. ते कलम आम्हाला तोंडपाठ होते. मॅनेजरला आम्ही नेहमी ऐकवत असू की यंत्रापाशी जो उभा असतो त्याला आधी विचारा. आमच्या परसात जिला ठाऊक होते ती ऐंशी वर्षांची बाई शनिवारी दिवसभर ओट्यावर बसून आम्हाला पाहत होती. आम्ही तिला चहा दिला, पण विचारले नाही.

पांड्या मंगळवारी पाणी प्याला, शुक्रवारी ताकभात खाल्ला. वाफ्यांची वरची माती काढून आम्ही खोल खड्ड्यात पुरली आणि शेणखत घातले. हे सोपे होते. शेजाऱ्यांकडे जाणे तेवढे सोपे नव्हते. सोमवारी संध्याकाळी गेलो. टाकीपाशी बोललो तेव्हा जी चार माणसे होती त्यांनाही बरोबर नेले, कारण आरोप चौघांत केला होता. त्यांनी ऐकून घेतले. "बसा" म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने विचारले, "कुत्रं जगतंय का?" जगेल असे डॉक्टर म्हणतात, असे आम्ही सांगितले. "बरं झालं," म्हणाले, आणि कोंबड्या कोंडायला आत गेले.

पेंड विकणाऱ्या दुकानदाराला आम्ही गोणीपाशी पाटी लावायला सांगितले. त्याने खडूने लिहिले, 'जनावरांना घालू नये.' पुढल्या खेपेला गेलो तर खडू पुसला होता. आता आम्ही पिशवीत रंगाची डबी ठेवतो.