बाद झालेल्याने राज्य घ्यायचं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू आयटीत आहेस, एआयवर दहा मिनिटं बोल." म्हटलं, त्यावर हल्ली सगळेच बोलतात, मी पहिली-दुसरीच्या वर्गातल्या खेळांवर बोलते. पलीकडे जरा शांतता. मग, "बरं, पण दहाच मिनिटं हं!"

त्याचं असं झालं. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि उघडल्या तेव्हा पहिलीचा वर्ग न पाहिलेली मुलं थेट दुसरीत येऊन बसली. आमच्या घरापासून जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथल्या मॅडम मदतीला कुणी येईल का, असं विचारत होत्या. शनिवारी त्यांची सकाळची शाळा आणि मला सुट्टी. तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार मी तिथे जाते.

पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत लॅपटॉप घेऊन गेले. मुलं दहा मिनिटं खूश होती, मग चार्जरच्या वायरशी खेळायला लागली. दुसऱ्या खेपेला पिशवीभर चिंचोके नेले. बाई, ते तुमचं देणं! दहा चिंचोके दोन मुठींत वाटायचे, एक मूठ उघडायची आणि दुसरीत किती ते ओळखायचं. नाहीतर नुसतं एकी की बेकी. आपण हे खेळलो तेव्हा गणित शिकतोय असं कुणाला वाटलं होतं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबादला महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शिंपले वापरून मुलांना शिकवलं, हे मी फार नंतर वाचलं.

खरी अडचण आली ती आकडे लिहिताना. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. मूल ऐकतं तसं लिहितं, ५२, आणि लाल फुली मिळवतं. एकोणतीस तर आणखी वरचढ, नाव तिशीचं आणि घर विशीचं! आमच्या धंद्यात काही यंत्रं आकड्याचा लहान भाग आधी साठवतात, काही मोठा. दोघांचं जुळावं म्हणून आम्ही निमूटपणे कोड लिहितो, यंत्राला कुणी रागवत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विनोद पुढे पाठवण्यात मीही होते. वर्गात बसल्यावर कळलं की पुस्तकवाल्यांचा उपाय पटो न पटो, दुखणं खरं होतं.

मग आम्ही काड्यांचा खेळ सुरू केला. दहा-दहा काड्यांच्या रबर लावलेल्या जुड्या आणि काही सुट्या काड्या. फरशीवर खडूने दोन घरं, दशकाचं आणि एककाचं. मी ओरडायचं "सदतीस!" की एकाने तीन जुड्या घेऊन पळायचं, दुसऱ्याने सात काड्या. मजा येते ती 'एकोणचाळीस'ला. आधी चार जुड्या मांडायच्या आणि त्यातली एक काडी उणी करायची. पण जुडीतून काडी काढायची तर रबर सोडायलाच हवं! ते सोडायला वर्गात मारामारी होते. सुटलेल्या नऊ काड्या एककात गेल्या की 'एकोण' म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

एक मुलगा 'शिवाजी म्हणतो'मध्ये दर वेळी पहिल्याच फेरीत बाद व्हायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच आधी बाहेर. म्हणून मी नियम बदलला : बाद झालेल्याने बाहेर जायचं नाही, राज्य घ्यायचं. तरी त्याच्या हालचाली बाकीच्यांच्या मागून, अर्ध्या क्षणाने. एकदा सगळ्यांना डोळे मिटून खेळायला सांगितलं. मी "शिवाजी म्हणतो, हात वर" म्हटलं. सगळ्यांचे हात वर गेले, हा तसाच उभा. तो आजवर शेजाऱ्याकडे बघून खेळत होता. मॅडमनी शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला त्याला दाखवलं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं होतं. उपचार झाले. अजून थोडं कमी ऐकू येतं, पण आता तो पुढे बसतो आणि राज्य आलं की सोडत नाही.

त्या रात्री मला आपला वर्ग आठवला. आपल्यातलाही एकजण पहिल्याच फेरीत बाद व्हायचा. नाव घेत नाही, तुम्हाला आठवलाच असेल. आपण त्याला 'ठोंब्या' म्हणायचो. मीही म्हणायचे, आणि मोठ्याने. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. त्याला ऐकू येत होतं की नाही, देव जाणे. पण हे इथे बोलण्याआधी मी काल बाईंना फोन केला, न सांगता बोलणं बरं दिसलं नसतं. वर्गात साठ मुलं आणि त्या एकट्या, हे मला ठाऊक आहे. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो नेहमी माझ्या ओठांकडे बघायचा गं."

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो नाही. आजच्या यादीतही नाही. त्याचे वडील वीटभट्टीवर होते, एवढंच मला आठवतं. कुणाला त्याचा किंवा त्याच्या भावाचा पत्ता ठाऊक असेल, तर जेवणाच्या वेळी मला किंवा बाईंना सांगा. आणि हो, घरी चिंचोके असतील तर टाकू नका. पुढच्या शनिवारी बाई माझ्याबरोबर त्या शाळेत येणार आहेत, आणि मुलं आता छत्तीस झाली आहेत.