कमावलेले कातडे



आपल्या भाषेत भाकरी कमावतात आणि कातडेही कमावतात. आम्ही कामगारांच्या सभांतून बोलणारी माणसे. म्हणून या दुसऱ्या कमाईविषयी दोन शब्द.

कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्याला कित्येक आठवडे लागतात. क्रोमच्या क्षारांनी तेच काम दोन-चार दिवसांत उरकते. मग हा खटाटोप कशाला? सालीचा तुरट रस तंतूंत मुरला की कातडे घाम शोषते, पायाचा आकार घेते आणि ऊन-वाऱ्याने, हाताळण्याने वर्षागणिक गडद होते. तो मळ नव्हे. ते त्याचे प्रौढपण.

हे प्रौढपण मात्र राखावे लागते. भिजलेली चप्पल चुलीजवळ ठेवाल तर ती आक्रसेल, तडकेल. ती सावलीत वाऱ्यावर वाळवावी. कोरडी पडल्यास तेलाचे बोट फिरवावे. फार तेल पाजले तर कातडे ढिले पडते. ओल्या कातड्याला लोखंड लागले की तुरट रसामुळे काळा डाग पडतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली तर बुरशी धरते.

२०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण आले, हे चांगलेच झाले. पण नाव राखले म्हणजे हात राखले असे होत नाही. तेव्हा भाव करताना ते आठवडे मोजा आणि घेतलेली चप्पल वर्षानुवर्षे टिकवा. कातडे कमावणाऱ्याला भाकरीही कमावता आली पाहिजे.