शाळेचे बँडपथक आणि समूहगान



शिक्षणसंस्था चालविणाऱ्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात इमारतींचा, देणग्यांचा आणि निकालांच्या टक्केवारीचा उल्लेख होणे स्वाभाविकच आहे. परंतु माजी विद्यार्थी एकत्र जमले, की त्यांच्या बोलण्यात आधी येते ते शाळेचे बँडपथक आणि समूहगान. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, जिल्ह्यातील कोणत्याही गावची जुनी शाळा घ्यावी, अनुभव सारखाच. बीजगणिताची सूत्रे केव्हाच विसरलेला साठीतला गृहस्थ मेजावर बोटांनी साइड ड्रमचा ठेका बिनचूक वाजवून दाखवितो.

पथक तसे लहानच असे. पुढे छडी फिरविणारा नायक, दोन बिगूल, चार-सहा साइड ड्रम, झांजा आणि छातीवर पट्ट्याने बांधलेला मोठा ढोल. बिगुलाला कळा नसतात. ओठांचा ताण आणि श्वासाचा जोर यांवर निघणाऱ्या जेमतेम पाच स्वरांत त्याला सारे बोलावे लागते. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पावलावर पडायचा, आणि तेज चाल म्हणजे मिनिटाला सुमारे १२० पावले. तो ठोका ढळला की मागची सारी शाळा ढळे. हा ढोल बहुधा अभ्यासात मागे पण अंगाने दणकट अशा मुलाकडे येई. वर्षभर शेवटच्या बाकावर बसणारा तो मुलगा स्वातंत्र्यदिनी मुख्याध्यापकांनाही आपल्या तालावर चालवी.

कॅनव्हासचे बूट आदल्या रात्री खडू फासून पांढरे केले जात. ते सर्वांकडे नसत. कुणी मोठ्या भावाचे बूट कापूस कोंबून घाली, तर कुणी बूट नाहीत म्हणून पथकाबाहेरच राही. मुलींनाही अनेक ठिकाणी बँडमध्ये स्थान नव्हते. त्यांनी समूहगानात उभे राहायचे, असा अलिखित नियम होता. गौरवाच्या प्रसंगी एवढे झाकून ठेवू नये.

पंधरा ऑगस्ट म्हणजे विदर्भातला ऐन पावसाळा. चामडे दमट हवा शोषून सैल पडते आणि ढोल बसका बोलतो. मग पहाटे शेगडीजवळ धरून तो शेकायचा, दोऱ्या ताणायच्या, आणि प्रभातफेरी निघेपर्यंत गोणपाटाखाली झाकून ठेवायचा. जैन घरांतील मुलांना त्या चामड्याचा आणखी एक प्रश्न पडे. ज्या घरात चामड्याचा पट्टा वर्ज्य, त्या घरच्या मुलाने चामड्याच्या ढोलावर टिपरू मारावे काय? मंदिरातील नगाराही चामड्याचाच, असे उत्तर कुणी देई. पण त्याने प्रश्न सुटत नसे, दुप्पट मात्र होई. सुटका आली ती दूरदेशीच्या कारखान्यातून. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास पॉलिस्टरच्या पातळ पत्र्याची पाने ड्रमसाठी बनू लागली आणि कालांतराने ती आपल्याकडेही रुळली. पावसाची भीती गेली आणि अहिंसेचा पेचही सुटला. नाद मात्र किंचित कोरडा झाला, असे जुने वादक आजही म्हणतात.

समूहगानाची मुळे या मातीत अधिक खोल आहेत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) सामुदायिक प्रार्थना गावोगावी नेली. खंजिरीच्या साथीने एका स्वरात म्हणण्याची सवय वऱ्हाडातील मुलांना शाळेत येण्याआधीच लागलेली असे. पंडित जुगलकिशोर मुख्तार यांची ‘मेरी भावना’ जैन संस्थांत म्हटली जाई, आणि जैनेतर मुलेही ती तितक्याच आपलेपणाने म्हणत, कारण तिच्यात बुद्ध, महावीर, हरि-हर एकत्र नांदतात. १९७४-७५ मध्ये भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने जैन संप्रदायांनी एक प्रतीक आणि पंचरंगी ध्वज स्वीकारला. मोठ्यांच्या सभेत ज्या ऐक्यासाठी ठराव करावे लागतात, ते समूहगानाच्या रांगेत नकळत घडत असे. तेथे आपला आवाज मोठा काढणारा चुकीचा ठरे. शेजाऱ्याचा स्वर ऐकून आपला सोडायचा, हाच पहिला धडा.

आज चित्र बदलले आहे. नागपूरचे कवी राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले, ही वैदर्भीयांना अभिमानाचीच गोष्ट. परंतु पुष्कळ शाळांत ते ध्वनिक्षेपकावर लावले जाते आणि मुले ओठ मिटून उभी राहतात. राष्ट्रगीताचे ५२ सेकंदही कित्येकदा यंत्रच म्हणते. शोभायात्रेत मुलांच्या पथकाच्या जागी भाड्याच्या गाडीवरचे भोंगे आले आहेत. त्यात सूर चुकत नाही, पण मुलांना करण्यासारखे काही उरतही नाही. वाद्ये महाग झाली, सरावाला तास मिळत नाही, संगीत शिक्षकाचे पद रिकामे राहते. ही कारणे खोटी नव्हेत.

तरीही सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग ठरविताना विश्वस्तांसमोर एक छोटी मागणी यावी, अशी माजी विद्यार्थ्यांची इच्छा आहे. नवा ध्वनिक्षेपक घेण्याआधी कृत्रिम पानांचे सहा साइड ड्रम आणि एक मोठा ढोल घ्यावा. आठवड्यातून दोन तासिका सरावाला द्याव्यात. पथकात मुली असाव्यात, आणि बूट संस्थेने पुरवावेत.

जय जिनेंद्र!